लेण्याद्रीचा लेख आणि समासांतील टीप

जुन्नरच्या उत्तरेस, कुकडी नदी ओलांडून गेलें म्हणजे गोळेगांवाजवळच्या डोंगरांत लेण्याद्रीचीं लेणीं लागतात. अष्टविनायकांची यात्रा केलेल्या आमच्या बहुतेक वाचकांनीं तेथील पावणेतीनशेंहून अधिक पायऱ्या चढून गिरिजात्मजाचें दर्शन घेतलें असेल. देवाचें स्थान ज्या सातव्या लेण्यांत आहे, तो मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार. आंतल्या प्रशस्त दालनाभोंवतीं कोरलेल्या खोल्यांवरून हें सहज ध्यानांत येतें. परंतु त्याच्या शेजारच्या सहाव्या लेण्यापाशीं थांबणारे यात्रेकरू थोडे. तें चैत्यगृह आहे, आणि त्याच्या ओसरींत, दारावरच्या भिंतीवर, ब्राह्मी लिपींतला एक लहानसा प्राकृत लेख आहे. कल्याण येथील हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें हें चैत्यगृह दान दिलें, इतकाच त्याचा आशय.

या लेखांतल्या 'हेरणिक' शब्दाचा अर्थ दोन प्रकारें लागतो. तें सुलसदत्ताच्या पित्याचें नांव मानतां येतें. किंवा संस्कृत 'हिरण्य' शब्दाशीं त्याचा संबंध जोडून पिता सोनार अथवा खजिनदार होता, असेंही म्हणतां येतें. पहिला अर्थ घेतला तर आपणांस एका गृहस्थाचें नांव कळतें. दुसरा घेतला तर त्या काळच्या कल्याण बंदरांतील एका धनसंपन्न व्यवसायाची ओळख पटते. यांपैकीं एकही अर्थ दगडावर कोरलेला नाहीं. दगडावर आहे तो केवळ शब्द; अर्थ आहे तो वाचणारांच्या टीपांत.

जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीच्या डोंगरांत याहूनही ठसठशीत उदाहरण आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, यानें पाण्याची पोढी आणि मंडप करविल्याचा लेख तेथें असून त्यांत वर्ष ४६ दिलें आहे. हें शेहेचाळीसावें वर्ष कोणत्या गणनेचें? शककालाचें मानलें तर इ. स. १२४ हें साल येतें. नहपानाच्या स्वतःच्या राज्यकालाचें मानलें तर कांहीं अभ्यासकांच्या मतें हा काळ पहिल्या शतकांत जातो. 'शक' हा शब्द मूळ लेखांत नाहीं. एखाद्या नकलकारानें वाचकांच्या सोयीसाठीं तो लेखाच्या ओळींतच घातला असता, तर दोन पिढ्यांनंतर तें अनुमान आहे हें कोणासही ओळखतां आलें नसतें, आणि वादाचा निर्णय पुराव्यावांचूनच लागला असता. मूळ कोठें संपतें आणि टीप कोठें सुरू होते, हें स्पष्ट राखणें एवढ्याचसाठीं अगत्याचें असतें.

हा विवेक आपल्या परंपरेस नवा नाहीं. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें रचिलीं, त्यांवर पतंजलीनें महाभाष्य लिहिलें; पण सूत्र तें सूत्रच राहिलें. आपल्या घरोघरीं वाचली जाणारी ज्ञानेश्वरी ही स्वतः गीतेवरील टीकाच होय. त्या ग्रंथांत पुढें पाठभेद शिरले, तेव्हां एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि कोणीही आपली ओंवी तींत घालूं नये असा इशारा देऊन ठेविला. महाराज स्वतः थोर कवि होते. तरीही त्यांनीं स्वतःस त्या ग्रंथाचा केवळ शोधक मानलें. अलीकडच्या काळांत पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य आरंभिलें आणि तें १९६६ सालीं पूर्ण केलें. त्या आवृत्तीचें कोणतेंही पान उघडावें: वर निश्चित केलेला पाठ, खालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद. न स्वीकारलेल्या पाठाचीही नोंद तेथें सांपडते, आणि संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाहीं त्याला तो पुन्हां तपासून पाहतां येतो.

आजवर ही सोय विद्वानांपुरती होती. सामान्य कुटुंबांत पुस्तकाची प्रत एक, तिचा समास चिंचोळा, आणि वाचणारे मात्र अनेक. आजोबांची पेन्सिल, काकांची निळी शाई आणि शाळकरी मुलाच्या रेघा यांची एकाच पानावर गर्दी होते. कोणती टीप कोणाची, हें पुढें सांगतां येत नाहीं. शिवाय हल्लीं एकत्र कुटुंब म्हणजे एका वाड्यांतलें कुटुंब असें राहिलेलें नाहीं. थोरले बंधु पुण्यास, धाकटे नागपुरास, पुतणी बंगळुरास आणि भाचा अमेरिकेंत, अशी स्थिति असतां एका पुस्तकाभोंवतीं सर्वांनीं बसावें तरी कसें? या अडचणीवर संगणकानें आणि मोबाईलनें चांगला उपाय दिला आहे, आणि त्यास एक पैचाही खर्च येत नाहीं.

पीडीएफ या नांवानें ओळखली जाणारी फाईल आतां सर्वांच्या परिचयाची आहे. अडोबी कंपनीनें १९९३ सालीं ती प्रचारांत आणिली, आणि २००८ सालीं तिचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक म्हणून सर्वांस खुला झाला. तिच्या रचनेंतली एक गोष्ट आमच्या विषयास फार अनुकूल आहे. वाचक टीप लिहितो किंवा एखादी ओळ पिवळी करतो, तेव्हां पानाचा मूळ मजकूर बदलत नाहीं. टीप ही वेगळी वस्तु म्हणून फाईलींत नोंदली जाते आणि पानाच्या वर ठेवलेल्या पारदर्शक कांचेप्रमाणें दिसते. तिच्याबरोबर लिहिणाराचें नांव, तारीख आणि वेळ यांचीही नोंद ठेवतां येते. ती झांकतां येते, काढतां येते, तिला उत्तर देतां येतें. सूत्र निराळें आणि भाष्य निराळें ठेवण्याची जुनी शिस्त यंत्रानें अशी आपोआप पाळिली आहे.

साधनांची उणीव मुळींच नाहीं. अडोबीच्या विनामूल्य वाचकांत टीपा लिहितां येतात; फॉक्सिटच्या विनामूल्य आवृत्तींतही येतात. ऑक्युलर हा कार्यक्रम विनामूल्य असून त्याची घडणही सर्वांस खुली आहे. फायरफॉक्समध्यें पीडीएफवर मजकूर लिहिण्याची सोय २०२२ पासून आहे. ज्यांस अभ्यासाचीं पुष्कळ पुस्तकें सांभाळावयाचीं आहेत, त्यांनीं झोटेरो वापरून पाहावें. त्यांत साऱ्या टीपा एकत्र काढून घेतां येतात. स्वतः लिहिलेला मजकूर इतरांकडून तपासून घ्यावयाचा असेल तर लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्स सोयीचें. गूगल डॉक्समध्यें पाहणें, टीप लिहिणें आणि बदल करणें असे तीन निरनिराळे अधिकार देतां येतात. घरांतील सर्वांस दुसरा अधिकार द्यावा आणि तिसरा एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा, म्हणजे मूळ सुरक्षित राहतें आणि कोणाचें तोंडही बंद होत नाहीं.

प्रारंभ कोठून करावा, असें विचाराल तर लेण्याद्रीपासूनच करावा. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनीं १८८१ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांतल्या शिलालेखांचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. तें आतां इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतें. यात्रेपूर्वीं महिनाभर जुन्नरचीं पानें घरांतल्या सर्वांनीं वाचावींत. ज्याला संस्कृत येतें त्यानें प्राकृत शब्दांशीं नातें लावावें. ज्याला भूगोलाची आवड त्यानें कल्याणाहून नाणेघाटानें जुन्नरास येणारी वाट नोंदवावी. मुलांनीं आपले प्रश्न निःसंकोच लिहावे. एका महिन्यांत त्या पानांभोंवतीं कुटुंबाचें स्वतःचें एक छोटें भाष्य तयार होईल, आणि मग तो डोंगर चढतांना दारावरचीं अक्षरें कोणालाही परकीं वाटणार नाहींत.

याहून निकडीचें काम मात्र घरच्या पेटींत पडलेलें आहे. वडिलोपार्जित पत्रें, मोडींतले कागद, कुलवृत्तांताचीं टांचणें, जुनीं छायाचित्रें यांच्या प्रतिमा काढून ठेवण्याचा उत्साह हल्लीं पुष्कळ ठिकाणीं दिसतो, आणि तो स्तुत्य आहे. परंतु प्रतिमा म्हणजे ज्ञान नव्हे. छायाचित्रांत उजवीकडून तिसऱ्या उभ्या असलेल्या बाई कोण, पत्रांतला 'चिरंजीव बापू' म्हणजे दोघांपैकीं कोणता, कागदांत उल्लेखिलेली विहीर गांवांत कोठें होती, हें सांगणारी एखादीच आजी घरांत उरलेली असते. तिचें सांगणें आज त्या पानाच्या शेजारीं लिहून घेतलें नाहीं, तर उद्यां तो कागद शाबूत राहूनही मुका होईल. नातवानें संगणकाशीं बसावें, आजीनें सांगावें, आणि प्रत्येक टीपेखालीं तिचें नांव व दिनांक यावा. यास ना द्रव्य लागतें, ना विद्वत्ता. लागतो तो केवळ रोजचा अर्धा तास.

कांहीं पथ्यें अवश्य पाळावींत. मूळ फाईलीची एक प्रत अस्पर्श ठेवून दुसरीवरच टीपा लिहाव्या. कार्यक्रमांत आपलें नांव प्रथम भरावें, नाहींतर सर्व टीपा निनांवी होतात. ऐकलेलें, वाचलेलें आणि तर्कानें काढलेलें हीं तिन्ही निरनिराळीं असतात. टीपेच्या आरंभींच तसा शब्द घालावा. दुसऱ्याची टीप पटली नाहीं तर ती न पुसतां तिच्याखालीं उत्तर लिहावें. वडीलधाऱ्यांशीं मतभेद दाखविण्याची याहून मर्यादशील रीत नाहीं. जमिनीचे, पैशाचे किंवा ओळखपत्राचे कागद अशा सामायिक वाचनांत आणूं नयेत. अंक झांकण्यासाठीं त्यावर काळी पट्टी ओढली म्हणजे ते नाहींसे होत नाहींत. पट्टी हीही एक टीपच असते, आणि ती दूर करतां आली कीं खालचे अंक जसेच्या तसे दिसतात.

फुकट मिळणाऱ्या सोयीसंबंधीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गूगलनें २००९ सालीं साइडविकी नांवाची, कोणत्याही पानाशेजारीं टीप लिहूं देणारी सोय काढिली आणि २०११ च्या अखेरीस ती बंद केली. पराव्या घरीं ठेवलेला ठेवा मालकाच्या मर्जीवर असतो. म्हणून वर्षांतून एकदां, दसऱ्यास म्हणा किंवा पाडव्यास, सर्व टीपांसह फाईल उतरवून घ्यावी आणि घरांतल्या दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी. महत्त्वाच्या टीपा कागदावर छापून घेतल्या तर अधिकच उत्तम.

टीप लिहिण्याची हौस मनुष्यास उपजतच असते. ती योग्य ठिकाणीं न वळविली तर काय होतें, हें आपल्या प्राचीन लेण्यांत आणि गडांवर दिसतेंच. खिळ्यानें भिंतीवर नांवें कोरणारे तरुण हेही एका अर्थीं समासांत लिहीतच असतात. पण तेथें समास नाहीं, सारें मूळच आहे. संरक्षित स्मारक विद्रूप करणारास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. आम्हांस वाटतें, शिक्षेच्या भयापेक्षां संवयीचा उपयोग अधिक होईल. ज्या मुलास घरीं मूळ आणि टीप यांतला भेद कळला, तो लेण्याद्रीच्या भिंतीस हात लावणार नाहीं. तो त्या लेखाचें छायाचित्र घरीं आणील, त्याच्या शेजारीं सुलसदत्ताविषयीं आपणांस काय समजलें तें लिहील, आणि खालीं आपलें नांव घालील.