चौदाच्या आतला फुटबॉल

खेळ आणि वय : लेखांक ४

शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक हाती पडलं, की वर्ध्यापासून हिंगणघाट-आर्वीपर्यंत क्रीडाशिक्षकांची संघबांधणी सुरू होते. गट ठरलेले : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. या शिडीची पहिली पायरीच सातवी-आठवीच्या उंचीवर आहे. तिसरी-चौथीतल्या पोराला खेळायची हौस दांडगी, पण मोठ्यांच्या सामन्यात त्याला बहुतेक वेळा गोलात उभं करतात.

पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. आठ वर्षांच्या मुलाने हात वर करून उडी मारली, तरी चेंडू आरामात डोक्यावरून जातो. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, तर लहानांसाठीचा तीन नंबरचा साधारण ३०० ग्रॅमचा. मोठ्या मैदानावर बावीस चिमुरडी सोडली, की सगळं मोहोळ चेंडूमागे धावतं. त्यातल्या बुजऱ्या पोराच्या पायाला सामनाभरात चेंडू लागलाच तर एक-दोनदा.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने यावर उपाय म्हणून संघच छोटे केले. सात-आठ वर्षांच्या गटांत पाच-पाच, नऊ-दहाला सात-सात, अकरा-बाराला नऊ-नऊ आणि अकराचा संघ तेराव्या वर्षाच्या गटापासून, असं २०१२ मध्ये ठरलं. अगदी लहान गटांचे गुणतक्ते तिथे जाहीरच करत नाहीत. अमेरिकेच्या संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडरची मनाई केली. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये ६ ते १२ वयासाठी ‘गोल्डन बेबी लीग’ आणली.

वयाप्रमाणे शिकवणंही बदलतं. सहा ते आठ वर्षांत प्रत्येकाच्या पायात स्वतःचा चेंडू हवा. पळवणं, वळवणं, थांबवणं एवढं पुरे. ‘तू बचावात, तू आघाडीत’ असं वाटप नको. नऊ ते अकरामध्ये पास येतो, चेंडू मिळण्याआधी मान वर करून बघण्याची सवय येते. इथे गोलकीपरसकट सगळ्या जागा सगळ्यांनी फिरून खेळायच्या.

बारा ते चौदा हा सगळ्यात अवघड टप्पा. मुली साधारण दोन वर्षं आधी उंच होतात, मुलं नंतर. पाय झपाट्याने लांबले, की कालपर्यंत सफाईने खेळणारा मुलगा अडखळू लागतो. काहींच्या गुडघ्याखाली दुखतं. त्यातच निवडीची तारीख १ जानेवारी असली, तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. निवडणारा त्याच्या अंगकाठीलाच कसब समजून बसतो.

छोट्या संघाची ताकद नागपूरने पाहिली आहे. तिथले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात फुटकी बादली लाथाडणारी वस्तीतली मुलं दिसली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) त्यावरच बेतलेला. या कामातून भारतीय संघ ज्या होमलेस वर्ल्ड कपला जाऊ लागला, तिथे एका बाजूने चारच खेळाडू मैदानात असतात.

१९३७ साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा पाया घातला गेला, तो ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. फुटबॉलमध्ये याच वयाकडे इथे दुर्लक्ष होतं. खर्चाची सबब चालणार नाही. गोलाला चार विटा, रेषांना चुना, तीन-चार नंबरचे काही चेंडू, एवढ्यात वर्ग भागतो. काळ्या मातीचं मैदान पावसाळ्यात चिकट आणि दिवाळीनंतर भेगाळलेलं असलं, तरी तीस बाय वीस पावलांचा तुकडा नीट राखता येतो. उन्हाळ्यात मात्र खेळ सकाळी आठच्या आत उरकावा.

जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी निदान एक शनिवार तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी राखून पाहावा : चार-चारचे संघ, मुलं-मुली एकत्र, आणि फळ्यावर निकाल न लिहिता.

(पुढील लेखांकात : वाढीच्या वयातली गुडघेदुखी आणि विश्रांती)