बसायला शिकवणारे सर

पहिले पंधरा दिवस सरांनी आम्हाला पळू दिलं नाही. खो-खोच्या संघात नाव लागलं म्हणून घरच्यांशी भांडून, सकाळी सहाला मैदानावर येणाऱ्या आम्ही बारा जणी रोज तासभर नुसत्या बसत होतो. उकिडवं. टाचा उचललेल्या, हातांची बोटं मातीला टेकलेली, मान वर. पाचव्या मिनिटाला मांड्या पेटायच्या, दहाव्या मिनिटाला कुणीतरी हळूच टाच टेकवायची आणि सर मागून म्हणायचे, "टाच." एवढंच. कुणाची ते सांगायचे नाहीत. सगळ्यांच्याच टाचा वर जायच्या.

चौथ्या दिवशी एकीने धीर करून विचारलं, "सर, पळायचं कधी?"

"पाठलाग करताना मैदानात किती जणी असतात?"

"नऊ."

"त्यातली पळते किती?"

"एक."

"मग उरलेल्या आठ जणींना मी काय शिकवू?"

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात पी.टी.चे सर म्हणजे पंधरा ऑगस्टची लेझीम, प्रार्थनेच्या वेळचं 'सावधान-विश्राम' आणि उशिरा येणाऱ्यांना मैदानाच्या फेऱ्या, इतकीच समज होती. पी.टी.चा तास तर शाळेची उसनवारीची पेटीच. गणिताचा भाग मागे पडला की तो तास घ्या, विज्ञानाचा पडला की तो घ्या. सर कधी वाद घालताना दिसले नाहीत. त्यांचा खरा तास सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि तो मागायला कुणी येत नव्हतं.

सरांचं प्रशिक्षण अमरावतीचं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं. त्या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, आणि ती गोष्ट सर अशी सांगायचे की जणू स्वतःच त्या बोटीत होते. प्रत्यक्षात त्यांचा जन्म त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी झालेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली खो-खोचे नियम बसवले गेले, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. इतिहास सांगायची त्यांची वेळ मात्र ठरलेली, आम्ही उकिडव्या बसलेल्या असताना. बर्लिनला पोचेपर्यंत पायांना मुंग्या आलेल्या असायच्या.

बसण्यात शिकण्यासारखं काय असतं, हे ज्याने खो-खो नुसता पाहिला आहे त्याला सांगून पटत नाही. आठ जणी मधल्या पट्टीवरच्या आठ चौकांत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय मागे वळता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. ती दोघींच्या मधून पलीकडे निसटली की पाठलागवालीजवळ एकच उपाय उरतो, पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला पाठीमागून खो द्यायचा आणि तिच्या जागी आपण बसायचं. म्हणजे गडी बाद होतो तो धावण्याने कमी आणि बसलेली किती लवकर उठली यावर जास्त. उठायला अर्धा सेकंद उशीर झाला की पळणारी पुढच्या फटीतून पुन्हा अलीकडे आलेली असते.

सरांनी उठण्याचेही तुकडे केले होते. पहिलं पाऊल आखूड. कंबर वर न नेता, पुढे. आम्ही उठायचो ते खुर्चीवरून उठल्यासारखं, आधी सरळ उभं राहून मग धावायचं. यावर सरांनी दोन खांबांना सुतळी बांधली, बसलेल्या रांगेच्या पुढ्यात, आमच्या छातीच्या उंचीला, आणि तिच्याखालून उठून धावायला लावलं. आठवडाभर प्रत्येकीच्या कपाळावर सुतळीचा वळ होता. शाळेत बाकीच्या पोरी विचारायच्या की हे काय, आणि आम्ही मोठ्या अभिमानाने "खो-खो" म्हणायचो.

दुसरा सराव कानांचा. हाताचा स्पर्श आणि तोंडाने 'खो', दोन्ही एकदम झालं तरच तो खो. सर गुंडाळलेलं हजेरीचं रजिस्टर हातात घेऊन रांगेमागून फिरायचे. कधी पाठीला रजिस्टर लावायचे आणि गप्प राहायचे. कधी नुसतंच "खो" ओरडायचे. यात जी उठेल ती चुकली. कधी दोन्ही बरोबर करायचे, आणि तेव्हा जी उठणार नाही ती चुकली. ते रजिस्टर काय म्हणून, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मुलींच्या संघाला शिकवणाऱ्या पुरुषाने एका लहान गावात काय काय सांभाळायचं असतं, त्याची ती सोय होती. पाठीवर थाप द्यायची वेळ आली तरी ते त्या रजिस्टरनेच द्यायचे.

तिसरा सराव डोळ्यांचा, आणि मला वाटतं तोच खरा. खेळ ऐन रंगात आला की सर शिट्टी मारून सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचे. मग बसलेल्यांपैकी एकीसमोर उभे राहायचे. "माझ्याकडे बघ. पळणारी कुठे आहे? तुझ्या मागे कितव्या चौकात? पाठलागवालीचं तोंड कोणत्या खांबाकडे?" उत्तर द्यायला मान वळवली की बाद. आधीच पाहून ठेवलेलं असलं पाहिजे. पुढे पुढे आम्हाला पाठीमागच्या पावलांच्या आवाजावरून कळायला लागलं की आता खो येतोय तो मला की पलीकडच्या मुलीला.

शनिवारची शाळा सुटली की मैदान आखायचं काम. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात पायाला किलो-किलो चिकटते, उन्हाळ्यात तिला टाच अडकेल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर सूर मारायचा म्हणजे हाडांचा प्रश्न. म्हणून सरांनी कुठून कुठून मुरमाच्या ट्रॉल्या मिळवल्या होत्या. तो मुरूम पसरायचा, एका रांगेत वाकून खडे वेचायचे, झारीने पाणी मारायचं आणि दगडी रूळ फिरवायचा. रूळ ओढताना सर सगळ्यात पुढे. शिपाईमामांना त्यांनी कधी हाक मारलेली मला आठवत नाही.

मग टेप, खुंट्या, सुतळी, फक्की. आमच्या वेळी मैदान २९ बाय १६ मीटर. चार खुंट्या ठोकल्या की आधी कर्ण मोजायचा. एक कर्ण ३३ मीटर १२ सेंटीमीटर, दुसराही तेवढाच. यात बोटभर फरक निघाला तरी सर खुंटी उपटायचे. "सर, एवढ्याने काय होतंय?" असं म्हटलं की उत्तर यायचं, "इथं बोटभर, तर तिकडच्या खांबाला वीतभर." पायथागोरसचा सिद्धान्त आम्हाला वर्गात शिकवला गेला तेव्हा मी तो आधीच दोनदा उपटून पुन्हा ठोकलेला होता.

आडव्या पट्ट्या आखण्याची त्यांची रीत तर मी अजून कुणाकडे पाहिलेली नाही. खांबाच्या रेषेपासून अडीच मीटर सोडायचे, मग ३० सेंटीमीटरची पट्टी, मग २ मीटर ३० मोकळे, मग पुन्हा पट्टी, अशा आठ पट्ट्या. सगळे जण एक पट्टी आखून तिथून पुढची मोजतात. सर तसं करू द्यायचे नाहीत, कारण प्रत्येक वेळी टेप उचलून ठेवताना केसभर चूक होते आणि आठव्या पट्टीपर्यंत तिची मूठ होते. ते टेप एकदाच ताणायचे, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि आकडे पाढ्यासारखे म्हणायचे. अडीच, दोन ऐंशी. पाच दहा, पाच चाळीस. सात सत्तर, आठ. दहा तीस, दहा साठ. बारा नव्वद, तेरा वीस. असं करत एकवीसला पोचायचं आणि पुढे अडीच मोजले की बरोब्बर २३ मीटर ५०, खांब. एक जण आकडा म्हणणार, दुसरी खुंटीने खूण करणार, तिसरी फक्की सोडणार. फक्की मुठीतून नाही, दोन बोटांच्या चिमटीतून, कंबरेत वाकून, मागे मागे सरकत. रेघ वाकडी झाली तर ती पुसायची नाही, तशीच ठेवायची. सोमवारी सगळ्या शाळेला दिसायची.

सोमवारी सकाळी अर्ध्या तासात आमच्याच पायांनी ती सगळी फक्की उडायची. शनिवारी पुन्हा टेप.

सरांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. सराव संपेपर्यंत पाणी प्यायला ते मनाई करायचे. घामात पाणी प्यायलं की पोटात कळ येते, असं त्या पिढीतल्या पुष्कळ मार्गदर्शकांना वाटायचं, आणि मार्चच्या उन्हात आमच्यातल्या दोघी त्यापायी भोवळ येऊन पडल्या होत्या. गुडघा फुटला तर हळद, आणि पुन्हा जागेवर. आज माझा डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, त्याचं थोडं श्रेय मी त्या हळदीला देते.

परगावच्या स्पर्धांना मुलींना पाठवायचं म्हणजे घरोघरी चर्चा. त्यावर सरांचा तोडगा म्हणजे काकू. सरांच्या पत्नी एस.टी.त आमच्याबरोबर बसायच्या, शाळेच्या वर्गात सतरंजीवर आमच्या मधोमध झोपायच्या, आणि त्यांच्या पिशवीत धपाटे, शेंगाची चटणी आणि सुईदोरा असायचा. काकू येणार म्हटल्यावर माझ्या आजीनेही परवानगी दिली. काकूंना खेळ फारसा कळत नव्हता. कोण जिंकतंय, हे त्या सरांच्या शिट्टीच्या दोरीवरून ओळखायच्या. आपण मागे पडलो की सर ती दोरी बोटाला गुंडाळत राहायचे.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ती दोरी पूर्ण गुंडाळली गेली. शेवटची पाठलागाची पाळी, नऊ मिनिटांतलं शेवटचं अर्धं मिनिट. एक गडी बाद केला की बरोबरी. समोरच्या तिसऱ्या तुकडीतली एकच मुलगी उरली होती आणि ती दमली होती, बसलेल्यांमधून नागमोडी पळायची तिची साखळी लांबत चालली होती. मी सहाव्या चौकात. मागून पावलं आली, मला कळलं की खो मलाच आहे, आणि तो मिळायच्या आधीच मी उठले. पंचांची शिट्टी झाली. पाठलाग उलट दिशेला फिरवावा लागला, तेवढ्यात ती दुसऱ्या खांबाकडे निघून गेली आणि वेळ संपली. एका गुणाने हरलो.

परतीच्या एस.टी.त सर काही बोलले नाहीत. काकूंनी मला दोन धपाटे जास्त दिले. सोमवारी सकाळी मैदानावर गेले तर सर म्हणाले, "बसा." पुन्हा पहिल्यापासून, टाचांपासून. मला वेगळं काढलं नाही, नाव घेतलं नाही. रजिस्टर घेऊन मागून फिरत राहिले. माझ्या पाठीला ते लागलं, पण 'खो' आला नाही. मी उठले नाही. तिसऱ्या फेरीला आला तेव्हा उठले.

आमच्यातली कुणी फार मोठी खेळाडू झाली नाही. शेजारच्या उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेऊन आली आणि २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा सर निवृत्त झालेले होते. त्यांनी मला फोन केला होता, बारा जणींतल्या प्रत्येकीला केला होता. बोलले एवढंच की "तिचं बसणं बघितलंस का कधी?"

२०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. मॅटवरचा खेळ, दिव्यांचा झगमगाट, नियमही पुष्कळ बदललेले. कॅमेरा सतत पळणारीच्या मागे. मी टीव्हीसमोर बसून चौकटीच्या कडेला बसलेल्या मुलींचे पाय शोधत होते. टाचा वर होत्या. सर मात्र त्याच्या आदल्या पावसाळ्यातच गेले होते.

शाळेत सरांची जागा बरीच वर्षं रिकामीच होती. मैदानाच्या एका कोपऱ्यात आता सायकलींची शेड आहे, उरलेल्या भागात गवत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात जणी जमलो, काकूही आल्या. गवत काढलं, मुरूम टाकला, रूळ ओढला. रूळ पूर्वीपेक्षा जड झालाय याबद्दल सातही जणींचं एकमत झालं. आताचं मैदान २७ बाय १६चं, आडवी पट्टी ३५ सेंटीमीटरची, मधली पट्टी २४ मीटर. म्हणजे सरांचा पाढा चालणार नव्हता. टेप एकदाच ताणला आणि नवा पाढा हातावर पेनाने लिहून घेतला. दोन पंचावन्न, दोन नव्वद. पाच वीस, पाच पंचावन्न. सात पंच्याऐंशी, आठ वीस. आकडे काकू म्हणत होत्या, फक्की मी सोडत होते.

त्याआधी कर्ण मोजला होता. ३१ मीटर ३८ यायला हवा होता. एक आला, दुसरा चार सेंटीमीटरने जास्त आला. खुंटी उपटली.