दुपारी दोन वाजता बसवेल असं घर

पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शहरांसाठी 1 कोटी घरांचं उद्दिष्ट आहे. पात्र कोण, अनुदान किती, सोडत कधी, यावर भरपूर छापून येतं. त्या घरात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता बसवेल का, हे मात्र कुणी विचारत नाही.

सोलापुरात हा प्रश्न थेट पोटाशी येतो. जवळच्या कुंभारीत रे नगरची 30,000 घरांची वसाहत उभी राहते आहे; त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. राहणाऱ्यांत विडी कामगार आहेत. विड्या घरी बसून वळायच्या, म्हणजे घर हाच कारखाना. पंखा जोरात लावावा, तर सुपातली तंबाखू उडते.

इथल्या जुन्या माणसांचं उत्तर होतं माळवद. मातीच्या जाड भिंती, छतावर मातीचा थर आणि छतालाच एक सवणं, म्हणजे झरोका. दिवसाची धग भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, घरातली तापलेली हवा सवण्यातून निघून जाते. हेच घर रत्नागिरीत बांधलं, तर माणूस घामाने निथळेल. दमट हवेत भिंत कितीही जाड असो, अंगावरून वारा गेला तरच बरं वाटतं. म्हणून कोकणात उतरती कौलं, पडवी, समोरासमोर दारं-खिडक्या.

हे शहाणपण स्वस्त घरांत आणून दाखवलं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी त्यांनी अहमदाबादेत नळीसारखं अरुंद, लांब घर बांधलं. दाराजवळच्या झडपांतून हवा आत येई, तापली की उतरत्या छताच्या पोटाने वर चढे आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडे. मला त्यात आपलं सवणंच दिसतं. पुढे ऐंशीच्या दशकात दमट बेलापुरात त्यांनी वेगळाच आराखडा काढला: सात-सात बुटकी घरं, मध्ये 8 मीटर लांबी-रुंदीचं अंगण, प्रत्येकाला आपलं मोकळं आकाश. भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, त्यामुळे वारा खेळतो आणि ऐपतीप्रमाणे घर वाढवता येतं. तिथे हेक्टरी 500 माणसं मावतील असा हिशेब होता. गरिबांना टॉवरशिवाय पर्याय नाही, हे मला म्हणूनच पटत नाही.

आज साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पातळ भिंती सोलापूरलाही त्याच आणि रत्नागिरीलाही त्याच. खरं तर निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी केलेल्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त हवामानानुसार आकडे दिलेले आहेत. उघडता येणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या तुलनेत उष्ण-कोरड्या भागात किमान 10 टक्के, उष्ण-दमट भागात 16.66 टक्के हवं.

महापालिकांनी पुढच्या घरकुलांच्या निविदेत हा एक आकडा, खिडकीवर पुरेसा छज्जा आणि गच्चीवर पांढरा थर एवढं तरी सक्तीचं करावं. आणि सोडतीत नाव लागलेल्यांनी चावी घेण्याआधी एकदा भर दुपारी त्या खोलीत तासभर बसून पाहावं.