वाट दोघांची, तर शेवटही दोघांचा

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ बौद्ध विहारांची पदयात्रा आहे. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. पायी चालल्यास दीड महिना सहज लागतो. यात्रेकरूंच्या पांढऱ्या अंगरख्यावर लिहिलेले असते, ‘दोघे बरोबर’. दुसरे म्हणजे नवव्या शतकातील भिक्खू कोबो दाइशी, अशी तिथली श्रद्धा. आज अनेक पती-पत्नी ही वाट मिळून चालतात. एकाच्या पायाला फोड आले की दुसऱ्याने पाऊल आखडायचे. शेवटच्या ओकुबो-जी विहारात काठी अर्पण करून पुष्कळजण कोया पर्वतावर आभार मानायला जातात.

पण भगिनींनो, याच कोया पर्वतावर शतकानुशतके स्त्रियांना बंदी होती. पती वर जाई. पत्नीने वेशीवरच्या ‘स्त्री-गृहा’तच थांबायचे. १८७२ साली सरकारी हुकमाने धर्मस्थळांवरील ही बंदी उठली. कोयावर ती पुरती जायला मात्र विसावे शतक उजाडले. एक स्त्री-गृह आजही तिथे उभे आहे.

१९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या समाजाला अशी वेस नवी नाही. म्हणून विचारावेसे वाटते : सभेला नवरा पुढच्या रांगेत आणि बायको चुलीपाशी, ही वेस आपल्या घरात कोणी घातली? ती आपणच उठवायची आहे.