पीळ बसलेला दांडा

दोन खडू घ्या. (गुरुजींना विचारून, बरे का!) पहिला खडू दोन्ही टोकांना धरून वाकवा. तो सरळ, आडवा मोडेल. दुसरा मात्र वाकवू नका; ओला कपडा पिळतो तसा पिळा. आता मोडलेली टोके नीट पाहा. या वेळी भेग आडवी गेलेली नाही. ती मळसूत्रासारखी तिरकी, खडूच्या लांबीशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून गेली आहे.

असे का व्हावे? खडू दाब सोसतो, पण ताण पडला की चटकन मोडतो. वाकवताना ताण खडूच्या लांबीच्या दिशेने पडतो. भेग त्याला काटकोनात, म्हणजे आडवी जाते. पिळताना मात्र सर्वांत जास्त ताण ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने पडतो. एवढे ध्यानात ठेवा आणि आता गोल्फच्या मैदानावर चला.

गोल्फच्या काठीचे डोके दांड्याच्या एका बाजूला असते. त्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेत येत नाही. त्यामुळे काठी जोराने फिरवली, की दांडा वाकतो आणि त्याला पीळही बसतो. डोक्याची चेंडूवर आदळणारी बाजू २ अंशांनी वळली, आणि चेंडू त्या दिशेने सरळ गेला, तरी २०० मीटर अंतरावर तो सुमारे ७ मीटर चुकेल. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी हिशेब करून पाहावा.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे दांडे हिकरीचे असत. हिकरी हा अक्रोडाच्या कुळातला अमेरिकी वृक्ष. त्याचे लाकूड चिवट. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठीही ते नावाजलेले. पण लाकडाचे धागे लांबीच्या दिशेने असतात. दांडा वाकताना ते ताण सोसतात. पिळताना मात्र ते एकमेकांवरून सरकू पाहतात, कारण तिरक्या दिशेला धागाच नसतो! तेव्हाचे खेळाडू हा पीळ ओळखून फटक्याची लय सांभाळत. बॉबी जोन्स याने १९३० साली अमेरिका व ब्रिटनमधील चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्याच काठ्यांनी.

तोवर पोलाद मात्र दारात येऊन उभे होते. आर्थर नाइट या अमेरिकी अभियंत्याने १९१० साली पोलादी नळीच्या दांड्याचे पेटंट मिळवले. पोलादात लाकडासारखे धागे नसतात. ते सर्व दिशांना जवळजवळ सारखेच बळकट असते. शिवाय नळी पोकळ. तेवढ्याच पोलादाची दुप्पट व्यासाची पातळ नळी केली, तर ती वाकायला आणि पिळायला चौपट कठीण होते. अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली नियमांनी पोलादाला मान्यता दिली. मग थोड्याच वर्षांत हिकरी मागे पडली आणि हिकरी तासणाऱ्या कारागिरांची कलाही तिच्याबरोबर गेली.

पुढे पोलादाहून हलक्या दांड्याचा शोध सुरू झाला. फ्रँक थॉमस या अभियंत्याने १९६९ साली कार्बनच्या तंतूंचा दांडा तयार केला. वजनाला हलका, वाकायला ताठ! पण सुरुवातीच्या अशा दांड्यांना पीळ फार बसे. हिकरीचा जुनाच दोष पुन्हा डोके वर काढत होता, कारण मुख्य आधार होता तो लांबीच्या दिशेने मांडलेल्या तंतूंचा.

यावर उपाय काय? तुमच्या खडूने तो आधीच सांगितला आहे. काही थरांतील तंतू लांबीच्या दिशेने ठेवायचे आणि काही थरांतील ४५ अंशांनी तिरके, एक थर उजवीकडे कललेला, तर दुसरा डावीकडे. अशा रीतीने पीळ आवरला गेला. आज लांब फटक्याच्या काठ्यांना बहुधा असेच दांडे असतात.

पण तिरके थर दोन्ही बाजूंना कशासाठी? आणखी एक खडू घ्या आणि या वेळी उलट दिशेने पिळा. भेग कोणत्या बाजूला कलेल? आधी उत्तर वहीत लिहा, मगच खडू मोडा!