सत्तरीतलं ‘जुनं’ शहर

युरोप म्हटलं की आपली गाडी पॅरिस, लंडन आणि यश चोप्रांच्या स्वित्झर्लंडपलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे ‘मी वॉर्साला चाललेय’ म्हटल्यावर मित्रमंडळींचा पहिला प्रश्न होता, ‘तिथे काय आहे बघायला?’

पोलंडच्या या राजधानीच्या ओल्ड टाऊनमध्ये शिरलात की उत्तर मिळतं. गुलाबी, पिवळ्या, मातकट रंगांची उंच घरं, दगडी फरसबंदी आणि चौकाच्या मधोमध ढाल-तलवार घेतलेली जलपरी, म्हणजे वॉर्साचं बोधचिन्ह. तीन-चारशे वर्षांपूर्वीचा चौक वाटतो ना? मंडळी, यातली जवळजवळ सगळी घरं दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली आहेत!

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सा नाझींविरुद्ध पेटून उठलं. ६३ दिवसांच्या झुंजीनंतर उठाव चिरडला गेला आणि मग सूड म्हणून नाझींनी उरलंसुरलं शहर पद्धतशीरपणे जाळलं, सुरुंग लावून उडवलं. ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून जास्त हिस्सा जमीनदोस्त झाला.

दुसरीकडे कुठे राजधानी हलवणं सोपं होतं. पण वॉर्साकरांनी ढिगारे उपसले. अठराव्या शतकात बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने काढलेली शहराची बारीक चित्रं आणि युद्धाआधीची आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची ड्रॉइंग्ज समोर ठेवून एकेक घर पुन्हा उभं केलं. राजवाडा तर लोकांच्या देणग्यांतून १९८४ मध्ये पूर्ण झाला. १९८० साली युनेस्कोने ओल्ड टाऊनला जागतिक वारसा म्हणून मान दिला, तो मुख्यतः या पुनर्बांधणीसाठीच.

पण सगळंच परत आलं नाही. युद्धाआधी इथे जवळपास दर तीन माणसांमागे एक ज्यू होता. नाझींनी १९४० मध्ये त्यांना भिंतीआड कोंडलं आणि बहुतेकांना ठार मारलं. त्या भिंतीची रेघ आज फुटपाथवर लोखंडी पट्ट्यांनी दाखवली आहे. ऑफिसला निघालेले लोक तिच्यावरून चालत जातात. मला मात्र तिथून पटकन पाय उचलता आला नाही.

पोटोबाचं काय?

फिरून भूक लागली की फॅन्सी रेस्तराँ सोडा आणि सरळ ‘बार म्लेच्नी’ गाठा. म्हणजे मिल्क बार! नावावर जाऊ नका, दारूशी याचा काही संबंध नाही. दूध, पीठ, अंड्यांचे साधे पदार्थ स्वस्तात देणाऱ्या या खानावळींना सरकारी अनुदान मिळतं. भिंतीवरचा मेन्यू वाचा, काउंटरवर पैसे द्या, खिडकीतून ताट घ्या, खाऊन झालं की स्वतः नेऊन ठेवा. एकाच टेबलावर पेन्शनर आजोबा, कॉलेजची मुलं आणि टायवाला बँकर जेवताना दिसतात.

‘पिएरोगी’ मागवाच. ही करंजीची उकडलेली बहीण! ‘रुस्किए’ प्रकारात बटाटा, पनीरच्या जवळचं ताजं चीज आणि कांदा असतो. शाकाहाऱ्यांनी वरून बेकनचे तुकडे नकोत एवढं आधी सांगावं. ‘झुरेक’ हे राय नावाच्या धान्याचं पीठ आंबवून केलेलं सूप. आंबट चवीने आपल्या आंबिलीची आठवण येते, फक्त त्यात सॉसेज आणि उकडलेलं अंडं पोहत असतं. शेवटी गुलाबाच्या जॅमचा ‘पाँचेक’, म्हणजे तळलेला गुबगुबीत डोनट. कॅलरीज घरी जाऊन मोजा!

आणि हो, वॉर्सात एक कोल्हापूर स्मारकही आहे. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांश बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावातल्या छावणीत राहिले होते. त्या आसऱ्याची ही आठवण. परक्या देशात ‘कोल्हापूर’ हे नाव वाचून जरा भरून येतंच.

जमलं तर १ ऑगस्टला तिथे असा. संध्याकाळी पाचला भोंगे वाजतात आणि गाड्या, ट्राम, माणसं जिथल्या तिथे थांबतात. मिनिटभराने शहर पुन्हा कामाला लागतं. खिशात मात्र युरो नको, ‘झ्वॉटी’ ठेवा आणि मिल्क बारच्या काउंटरमागच्या काकूंना ‘जेंकुये’, म्हणजे थँक यू, म्हणायला विसरू नका.