सरळ रेघेचं हसू

एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या. तिच्या कोऱ्या बाजूवर एक चेहरा काढा. डोळ्यांसाठी दोन ठिपके आणि तोंडासाठी पट्टीनं आखलेली, अगदी सरळ आडवी रेघ. ही रेघ बरोबर मध्यावर दुमडेल अशी उभी घडी घाला. घडीची धार आपल्याकडे आणि दोन्ही बाजू छपरासारख्या मागे गेलेल्या हव्यात. आता कार्ड समोर धरा, एक डोळा मिटा आणि कार्डाची वरची कड हळूहळू स्वतःकडे झुकवा. चेहरा हसू लागेल! तीच कड मागे न्या, चेहरा हिरमुसेल. घडी उलटी घातली, तर सगळं याच्या नेमकं उलट होईल.

रेघ तर सरळच आहे. मग हसू आलं कुठून?

टेबलाकडे वरून पाहिलं की त्याची पलीकडची कड अलीकडच्या कडेपेक्षा उंचावर दिसते. कार्ड पुढे झुकवणं म्हणजे त्याच्याकडे वरून पाहणंच. घडीमुळे रेघेची टोकं आपल्यापासून दूर गेलेली आहेत, म्हणून ती वर चढलेली दिसतात. माणसाच्या चेहऱ्याची ठेवणही अशीच असते: ओठांचा मध्य पुढे, कोपरे मागे.

जपानमध्ये चौदाव्या शतकात आकाराला आलेल्या 'नो' नाट्यप्रकारात नट लाकडी मुखवटे घालतात. मुखवटा निश्चल असतो, पण मान किंचित कलवली की त्यावरचा भाव बदलतो. मुखवटा वर उचलणं म्हणजे 'तेरासु', उजळणं. खाली झुकवणं म्हणजे 'कुमोरासु', झाकोळणं.

मायकेल लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिणाम तपासून पाहिला. त्यांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. जपानी आणि ब्रिटिश लोकांना त्यांनी वेगवेगळ्या कोनांतून दिसणारा 'नो' मुखवटा दाखवला. पुढे झुकलेला मुखवटा बहुतेक वेळा आनंदी ठरला आणि मागे कललेला दुःखी. म्हणजे आपल्या कार्डासारखंच, पण नाट्यपरंपरेच्या उलट! मात्र मुखवटा फारच पुढे झुकला, की जपानी लोकांचा कौल दुःखाकडे वळू लागे. ओठांचा आकार एक सांगतो आणि खाली घातलेली मान दुसरंच. यातलं काय वाचायचं, हे पाहणाऱ्याच्या सवयीवरही अवलंबून असावं, असं आम्हाला वाटतं.

स्नायू हलल्यामुळे झालेला बदल आणि नुसत्या कोनामुळे झालेला बदल यांत आपली नजर गल्लत करते. खऱ्या माणसाच्या चेहऱ्याचं चित्र दाखवल्यावरही या अभ्यासात हाच परिणाम दिसला. म्हणून हा खेळ वर्गात जरूर करावा, पण तेवढ्यावर थांबू नये. आपण उभे असतो आणि समोरचं मूल बोलणी खात मान खाली घालून उभं असतं. वरून पाहताना त्याच्या ओठांचे कोपरे वर गेलेले दिसू शकतात. "वर हसतोस काय?" असं दरडावण्यापूर्वी जरा खाली वाकून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून तोच चेहरा पुन्हा एकदा पाहावा.